पाहुणे आले, पण किती?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

दरवर्षी दिवाळी झाली की तुमच्या पेपरात एक फोटो हमखास येतो, लोणावळ्याच्या बाजूला तारेवर बसलेला अमूर ससाणा आणि वरती हेडिंग 'परदेशी पाहुण्यांचं आगमन'. फोटो झकास असतो, मी कापून ठेवते. पण मी पडले जिल्हा परिषदेची शिक्षिका, बत्तीस वर्षं सर्विस झाली आणि त्यातली निम्मी मोजण्यातच गेली, पटावर किती, हजर किती, खिचडी किती ताटं, जनगणनेला घरं किती, इलेक्शनला मतदार किती. त्यामुळे पाहुणे आले म्हटलं की माझा पहिला प्रश्न, किती आले? मागच्या साली किती होते? त्यात यंदाची पिल्लं किती? ते तुमच्या बातमीत कधीच नसतं. तुमचा तरी काय दोष, दरवर्षी एकाच जागी रोज बसून मोजणारं कोणी मला तरी भेटलं नाही, मग तुम्ही छापणार कुठून.

हे सगळं आत्ताच का सुचलं, तर मी सध्या लेकीकडे आलेय, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात ॲलनटाउन म्हणून गाव आहे तिथे. इथे आलेल्या आईवडिलांचं काय होतं तुम्हाला माहितीये, सोमवार ते शुक्रवार खिडकीतून पार्किंग बघायचं आणि शनिवारी मॉल. सप्टेंबरात जावई म्हणाले, "आई, तुम्हाला पक्ष्यांची आवड आहे ना, जवळच एक डोंगर आहे, हॉक माउंटन, चला." मला वाटलं नावच आहे, आपल्याकडे वाघोलीत कुठे वाघ असतात. पण नाही, तिथे खरंच शिकारी पक्षी जातात आणि एकदोन नाही, शरद ऋतूच्या एका सीझनला सरासरी अठरा-वीस हजार.

आधी जागा सांगते. किटाटिनी नावाची एक लांबच लांब डोंगररांग आहे, ॲपलाचियन डोंगरांची पूर्वेकडची कड, नाव तिथल्या मूळ लेनापी लोकांच्या भाषेतलं, मोठा डोंगर अशा अर्थाचं. मोठा म्हणजे आपल्या हिशोबाने काही खास नाही हं. जिथे बसून मोजतात त्या नॉर्थ लुकआउटची उंची १,५२१ फूट, म्हणजे ४६४ मीटर, आपलं लोणावळ्याचं एसटी स्टँडसुद्धा त्याच्यापेक्षा वर आहे. पार्किंगपासून साधारण दीड किलोमीटर दगडाधोंड्यांतून चालायचं, माझ्या गुडघ्यांनी थोडी कुरकुर केली पण शिवनेरी चढलेल्या बाईला ते काही जड नाही. वर मोठमोठे पांढुरके खडक एकावर एक रचल्यासारखे, लोक बरोबर उशा घेऊन येतात आणि खडकावर उशी टाकून दिवसदिवस बसतात. थर्मास, सँडविच, दुर्बीण. बोलायचं तर हळू आवाजात. शंभरएक माणसं आणि कोणाच्या मोबाइलवर गाणी नाहीत, हे बघून मला आपल्या गडांवरचा रविवार आठवला आणि गप्प बसले.

पक्षी तिथूनच का जातात तर त्याला कारण वारा. थंड हवेची लाट येऊन गेली की वायव्येकडून जोराचा वारा सुटतो, तो या रांगेला आडवा धडकतो, पुढे जायला जागा नाही म्हणून वर चढतो, आणि त्या वर चढणाऱ्या वाऱ्यावर पंख पसरून पक्षी पंख न हलवता मैलोन् मैल घसरत जातात, रांग नैऋत्येला चाललीये आणि यांनाही तिकडेच जायचंय. म्हणजे फुकटचा प्रवास, आपलं अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेसारखं. जुन्नरच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको, आपल्या नाणेघाटात पावसाळ्यात जो उलटा धबधबा उडतो त्याचं कारण तेच, कोकणातून आलेला वारा कड्याला आपटतो आणि पाण्याला घेऊन वर येतो. तिथे पाणी उडतं, इथे ससाणे.

आता मोजतात कसं ते सांगते, मला त्यातच जास्त रस. समोर रांगेवर जे उंचवटे दिसतात त्यांना नंबर दिलेत, एक ते पाच. कोणाला काही दिसलं की ओरडायचं, "बर्ड ओव्हर थ्री!" की सगळ्यांच्या दुर्बिणी तीन नंबरवर. मोजणारी मुलगी एक असते (माणूस रोज बदलतो पण मोजणीची जबाबदारी एकाचीच), तिच्या हातात क्लिकर, शेजारी तक्ता, दर तासाला वारा किती, कुठून, ढग किती, दिसतंय कुठपर्यंत, आणि कोणता पक्षी किती. ती ओरडणाऱ्यांचं ऐकते पण लिहिते स्वतःला दिसलेलंच. हे मला फार आवडलं. आमच्याकडे एक तपासणीस यायचे ते पण असेच, तुमची हजेरी राहू द्या बाई, मुलं उभी करा.

पहिल्या दिवशी आम्ही गेलो तो सप्टेंबरचा मधला आठवडा, तेव्हा ब्रॉडविंग नावाच्या पक्ष्यांची गर्दी असते. आपल्या तिसा नावाच्या शिकारी पक्ष्याएवढा, आखूड गोलसर शेपटी आणि तिच्यावर काळे पांढरे जाड पट्टे. हे लोक डोंगराच्या वाऱ्यापेक्षा उन्हाने तापून वर चढणाऱ्या हवेवर जास्त अवलंबून, एकाला असा गरम हवेचा खांब सापडला की दहा येतात, मग पन्नास, सगळे त्यात गोल गोल फिरत वर वर. इथले लोक त्या घोळक्याला केटल म्हणतात, म्हणजे किटली, आतलं पाणी उकळतंय असं दिसतं म्हणून. मला विचाराल तर भोवरा. अकराच्या सुमाराला चार नंबरवर असा एक भोवरा उठला, आधी मला धुळीचे कण वाटले, चष्मा पुसला, दुर्बीण लावली तर प्रत्येक कण एक पक्षी. मी लागले मोजायला, एक दोन तीन, बारापर्यंत गेले की पहिला कुठे होता तेच कळेना, परत सुरू, परत गोंधळ. मोजणारी पोरगी हसली, म्हणाली फिरताना मोजायचे नाहीत, थांबा. आणि खरंच, दोनतीन मिनिटांत भोवऱ्याच्या टोकावरून एकेक पक्षी पंख जरा मागे ओढून सुटायला लागला, सरळ रेषेत, एकामागे एक, नैऋत्येला, जसा काही कोणी दोरा ओढतंय. तेव्हा मोजायचं. अहो मी कपाळावर हात मारला, बत्तीस वर्षं मी हेच केलंय, मधल्या सुट्टीत मैदानात पळणारी पोरं कोणी मोजतं का, खिचडीच्या लाइनीत उभी राहिली की मोजायची! त्या भोवऱ्यातले माझे झाले ६१ आणि तिचे ६४. तीन पोरं मी गैरहजर लावली.

हे ब्रॉडविंग इथून खाली मेक्सिकोत उतरतात. जमिनीची वाट तिथे निमुळती होत जाते आणि व्हेराक्रूझ नावाच्या राज्यात सगळीकडून आलेले शिकारी पक्षी एका पट्ट्यात जमतात, तिथे एका सीझनला चाळीस लाखांच्या वर मोजतात. मग पुढे मध्य अमेरिका, दक्षिण अमेरिका. पाऊण किलोसुद्धा नाही वजन. आपला अमूर ससाणा तर याहून लहान, कबुतराच्या निम्मा, सायबेरिया आणि उत्तर चीनकडून निघतो, नागालँडला थांबतो, मग आपल्यावरून जाऊन अरबी समुद्र न थांबता ओलांडून आफ्रिकेत. त्याची गोष्ट पुढे येते.

आता या डोंगराची जुनी गोष्ट, ती ऐकून मी दुसऱ्यांदा गेले. शंभर वर्षांपूर्वी याच खडकांवर रविवारी बंदूकवाले बसायचे. पक्षी एका रेषेत, डोळ्यांच्या उंचीवरून जाणार, नेम धरायलाही नको. हे पक्षी कोंबड्या नेतात, शिकारीची जनावरं खातात म्हणून मारलेलेच बरे असा समज, आणि १९२९ साली तर इथल्या राज्याने गॉसहॉक नावाचा शिकारी पक्षी मारणाऱ्याला पाच डॉलर बक्षीस लावलं होतं. १९३२ ला रिचर्ड पो नावाचा एक तरुण तिथे गेला, जंगलात मरून पडलेले पक्षी गोळा करून ओळीने मांडले आणि फोटो काढले. ते फोटो बघून न्यूयॉर्कची रोझली एज नावाची बाई पेटली. ही आधी बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीतली, म्हणजे भांडायची सवय होतीच. बाकीचे लोक निषेधाचे ठराव करत बसले, हिने १९३४ ला तो डोंगरच भाड्याने घेतला, चौदाशे एकर, आणि मॉरिस ब्राउन नावाचा राखणदार बसवला. त्याची बायको अर्मा खाली रस्त्यावर गेटशी उभी राहायची आणि बंदुका घेऊन आलेल्यांना सांगायची, आजपासून इथे गोळी चालणार नाही. विचार करा, डोंगरातला कच्चा रस्ता, समोर रागावलेले बंदूकवाले आणि गेटवर ही एकटी. शिकारी पक्ष्यांसाठी राखलेली जगातली पहिली जागा ती ही. इथे या रोझलीबाईचा पुतळा कुठे दिसला नाही मला, पण मोजणी चालू आहे, ते बरंय.

आणि ब्राउनने राखण करता करता दुसरं एक काम केलं ते मला जास्त मोठं वाटतं. तो रोज वर बसून मोजायला लागला आणि वहीत लिहायला लागला. कशासाठी, त्याचं काय होणार, तेव्हा त्यालाही माहीत नसणार. महायुद्धातला खंड सोडला तर तेव्हापासून आजपर्यंत ती मोजणी चालू आहे, दरवर्षी १५ ऑगस्ट ते १५ डिसेंबर. (१५ ऑगस्ट ऐकून मी जावयांना म्हटलं, आमच्या झेंडावंदनाला यांची शाळा भरते.)

त्या वहीचं काय झालं बघा. पांढऱ्या डोक्याचा जो अमेरिकन गरुड, त्यांच्या नाण्यावर असतो तो, त्याची पिल्लं रंगाने वेगळी असतात, तपकिरी, त्यामुळे लांबून सुद्धा कळतं हे यंदाचं आणि हे मोठं. ब्राउनच्या वहीत १९३५ ते १९३९ मध्ये दिसलेल्या गरुडांत ४० टक्के पिल्लं होती. १९५५ ते १९५९ मध्ये ती २० टक्क्यांवर आली, आणि १९५७ या एका वर्षी तर ३२ मोठ्यांमागे एक पिल्लू. लेखिका रेचल कार्सन यांनी १९६२ ला 'सायलेंट स्प्रिंग' पुस्तकात हेच आकडे मांडले, डीडीटी या कीटकनाशकाच्या फवारणीने पक्ष्यांचं काय झालंय ते सांगायला. पुढे अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली १९७२ ला.

संपादक साहेब, हा आकडा वाचून मी खडकावर बसल्या बसल्या गार पडले, कारण हा मी स्वतः बघितलाय. पक्ष्यांत नाही, शाळेत. माझ्या शेवटच्या शाळेत चौथीत अकरा पोरं होती, तिसरीत नऊ, दुसरीत चार आणि पहिलीत एक. वरून बघणाऱ्याला शाळा भरलेली दिसते, घंटा होते, प्रार्थना होते, फोटोत पंचवीस पोरं येतात. पण बाईला पहिलीचा पट बघून कळतं की चार वर्षांनी इथे कुलूप आहे. गरुडाचं तसंच, मोठा गरुड पंचवीस तीस वर्षं जगतो, आकाशात दिसत राहतो, लोक म्हणतात आहेत की भरपूर. पहिलीचा पट कोणी बघितला तर कळतं. आणि तो पट सुरुवातीपासून ठेवलेला असला तरच, नाहीतर एक हा कमी की जास्त हे कसं ठरवणार.

आपल्याकडे गिधाडांचं काय झालं ते आठवा. माझ्या लहानपणी जनावर मेलं की गावाच्या कडेला पन्नास गिधाडं, आम्ही पोरं लांबून दगड मारायचो. कधी कमी झाली ते कोणाला कळलंच नाही, एक दिवस कोणीतरी म्हणालं अरे गिधाडं दिसत नाहीत. ते कळलं कोणाला, तर भरतपूरला बीएनएचएस या मुंबईच्या निसर्ग-अभ्यास संस्थेचे विभू प्रकाश यांना, कारण त्यांनी ऐंशीच्या दशकात तिथे मोजून ठेवली होती आणि नव्वदीत परत मोजली तेव्हा फरक डोळ्यांपुढे आला. मग पुढे शोध लागला की गुराढोरांना देतात ते डायक्लोफेनॅक औषध मेलेल्या जनावरांतून गिधाडांच्या पोटात जाऊन मूत्रपिंडं निकामी होतायत, आणि २००६ ला जनावरांसाठी ते बंद झालं. तोवर बहुतेक गेली होती. एका माणसाकडे जुनी वही होती म्हणून निदान कारण तरी शोधायला लागलो.

दुसऱ्यांदा गेलो ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, वारा असा की खडकावर बोटं बधिर. खडकांत एका काठीवर प्लास्टिकचं घुबड लावून ठेवलेलं असतं, पक्ष्यांना चिडवायला. मी त्याच्यापासून दहा फुटांवर डबा उघडून थालीपीठ खात होते. तेवढ्यात उजव्या कानाजवळून फर्रर्र झालं, आपल्या शिक्र्याचा इथला चुलतभाऊ, शार्पशिन म्हणतात त्याला, साळुंकीपेक्षा थोडाच मोठा, दरीतून वर आला आणि सरळ घुबडाच्या डोक्यावर. नखं लागली, घुबड हललं, हा गिरकी घेऊन परत आला, क्षणभर माझ्यासमोर वाऱ्यावर थांबला, पिवळा डोळा, छातीवर तपकिरी उभ्या रेघा म्हणजे यंदाचं पिल्लू, पहिलीतलं! आणि असा काही रागाने बघितला की जसं घुबड मीच लावलंय. मग डोंगराच्या कडेने गेला निघून. जन्माला येऊन चार महिने झाले नसतील, आईबाप बरोबर नाहीत, आणि निघालाय. थालीपिठाचा तुकडा वाऱ्याने नेला ते मला नंतर कळलं.

गरुड आता इथे पुन्हा भरपूर झालेत, पण त्याच वह्यांतून आता कळतंय की केस्ट्रल, म्हणजे आपल्या नारझीनक या छोट्या ससाण्याचा इथला भाऊ, कमी होत चाललाय. मोजणी चालू राहिली की एक निस्तरलं तोवर दुसरं दिसतं, असं आहे ते. त्यावरून पण मला शाळेची आठवण झाली.

आता आपल्याकडचं. नागालँडच्या पांगती गावात दोयांग धरणाच्या बाजूला २०१२ पर्यंत हेच अमूर ससाणे जाळ्यात धरून हजारोंनी मारत होते आणि विकत होते. गावाने पुढच्या वर्षी ते बंद केलं, २०१३ ला, त्यासाठी गावाची पंचायत बसली होती हे लक्षात घ्या. त्याच साली तीन ससाण्यांच्या पाठीवर ट्रान्समीटर लावले, त्यांची नावं नागा, वोखा आणि पांगती, आणि ते समुद्र ओलांडून आफ्रिकेत गेलेले सगळ्यांनी कॉम्प्युटरवर बघितले. उत्तम झालं. पण तीन पक्ष्यांवरून रस्ता कळतो, पट कळत नाही. पट कळायला माणूस बसावं लागतं.

म्हणून माझी सूचना, आणि मी हसण्यावारी नेऊ देणार नाही. सह्याद्रीच्या कडेवर एक जागा ठरवू, एकच, आणि तिथे ऑक्टोबर ते डिसेंबर रोज कोणीतरी दुर्बीण आणि वही घेऊन बसेल असं बघू. माझ्या मते नाणेघाट. आता पक्षीवाले लगेच म्हणतील बाई, दिवाळीत तिथे तो पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा नसतो, तिथून पक्षी जातात कशावरून. बरोबर आहे, मला माहीत नाही, म्हणून तर बसायचं. तीन वर्षं बसून काहीच नाही दिसलं तर तेही लिहून ठेवू आणि जागा बदलू, लोणावळ्याकडे जाऊ, माळशेजला जाऊ. पण नाणेघाट मोजायची जागा आहे हो, दोन हजार वर्षांपूर्वीची, जकातीचा म्हणून जो दगडी रांजण दाखवतात तो अजून तिथे आहे, आणि गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिच्या लेखात किती गाई दिल्या, किती नाणी दिली याचे आकडे कोरलेत, आपल्या देशातल्या सगळ्यात जुन्या आकड्यांतले ते. जिथे सातवाहनांच्या माणसांनी येणारा जाणारा बैल मोजला तिथे आपल्याला वरून जाणारा ससाणा मोजता येऊ नये?

खर्च काही नाही. दुर्बीण एक बरी लागेल. क्लिकर नसला तर चालेल, जनगणनेत आम्ही उभ्या रेघा मारून पाचव्याला आडवी मारायचो, तसं करू. कॅमेरेवाल्यांनी यावं, पण एक अट, मोजणाऱ्याशी मोजताना बोलायचं नाही. पोरांना आणू नका असं मात्र मी म्हणणार नाही, इथे त्या खडकांवर शाळेच्या शाळा येतात आणि पोरांना लांबचं आपल्यापेक्षा लवकर दिसतं, फक्त सांगताना सगळी एकदम सांगतात. माझ्या जुन्या शाळेतली पोरं आता बापे झालीत, त्यातला एक घाटघरला राहतो, त्याला व्हॉट्सॲप केलाय, तो म्हणाला बाई तुम्ही बसा, मी चहा आणतो. म्हटलं चहा नको, ऑक्टोबरातले मंगळवार घे.

मी जानेवारीत परत येतेय. पुढच्या दिवाळीआधी कोणाला रोज नाही तरी आठवड्यातून एक दिवस देता येत असेल तर तुमच्या पेपरमार्फत कळवावं, तुम्ही एवढी जागा द्यावी ही विनंती. वहीचं पहिलं पान मी आखून ठेवलंय, तारीख, वेळ, वारा, ढग, पक्षी, मोठे, पिल्लं, आणि शेवटचा रकाना शेरा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, ता. जुन्नर (सध्या मुक्काम ॲलनटाउन)

ता.क. पत्र लिहून झालं आणि नोव्हेंबरात तिसऱ्यांदा गेले, कडाक्याची थंडी, वर आम्ही नऊ माणसं. तीन वाजता दोन नंबरवर एक मोठ्ठा काळा ठिपका, पंख जरा वर उचललेले, डोक्यावरून गेला तेव्हा मान सोनेरी चमकली, सोनेरी गरुड. पंखांखाली आणि शेपटीच्या बुडाशी पांढरं होतं. म्हणजे पिल्लू. मोजणाऱ्या पोराच्या आधी मीच ओरडले, मराठीतून, आणि त्याने बरोबर तिकडेच दुर्बीण फिरवली.